पर्ल: अक्कलकोट रोडच्या टेबलाखालच्या सर्व्हरवर किती उपयोगाची?

सोलापुरात अक्कलकोट रोडसारख्या भागात टॉवेल-चादरीच्या बऱ्याच कारखान्यांच्या ऑफिसात टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप असतो. त्यावर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार), शेजारी यूपीएस आणि पंख्याच्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा थर. बिलांचा डेटाबेस, हजेरी मशिनच्या फायली, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि कधी कधी कंपनीची वेबसाइटसुद्धा त्याच्याच गळ्यात असते. हे मशीन सांभाळणाऱ्याच्या मागे रोज पाच-सहा किरकोळ कामं असतात. डिस्क भरत आली का, रात्रीचा बॅकअप झाला का, कुठल्या फायली उडवायच्या, कुठल्या सीएसव्हीतून (स्वल्पविरामाने खाने तोडलेल्या साध्या फायलीतून) बेरीज काढायची. या कामांसाठी आज पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा वापरावी का, एवढ्याच प्रश्नाचं हे परीक्षण आहे. मोठी वेबसाइट उभारणं किंवा नोकरीसाठी भाषा शिकणं हा विषय वेगळा.

निकाल आधीच सांगून टाकतो. दीडशे-दोनशे ओळींच्या आत बसणारं, मजकूर आत घेऊन मजकूर बाहेर देणारं काम असेल तर पाचपैकी साडेचार. त्यापलीकडे गेलात की गुण भराभर उतरतात. वेबसाठी दोन, तेही जुनी सीजीआय स्क्रिप्ट (वेब सर्व्हर प्रत्येक विनंतीला चालवतो तो छोटा प्रोग्राम) सांभाळायची वेळ आली म्हणून.

पहिला मोठा गुण किमतीचा. पर्ल फुकट आहेच, शिवाय ती बहुतेक वेळा मशिनवर आधीच बसलेली असते. उबंटू २२.०४ वर पर्लची आवृत्ती ५.३४, २४.०४ वर ५.३८, डेबियन १२ वर ५.३६. डेबियनच्या कुळात 'पर्ल-बेस' हे पॅकेज अत्यावश्यक यादीत आहे, म्हणजे ते काढून टाकायला गेलात तर सिस्टिमच अडवते. रेड हॅटच्या कुळात मात्र पर्लचे तुकडे वेगवेगळ्या पॅकेजांत वाटलेले आहेत. तिथे 'टाइम::पीस' हे मॉड्यूल (तयार कोडचा संच) सापडत नाही असा एरर आला तर पर्ल मोडलेली नसते, तेवढं एक पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं.

दुसरा गुण टिकाऊपणाचा. लॅरी वॉल यांनी पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ ला काढली, पाचवी १९९४ ला आली, आणि आज जी चालते ती हीच पाचवी. सहावी म्हणून जी वाढली तिचं नाव २०१९ मध्ये बदलून राकू केलं गेलं, तिचा इथे संबंध नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेली स्क्रिप्ट नव्या उबंटूवर टाकली तर ती बहुधा तशीच चालते. अडली तर कारणं ठरलेली असतात. ५.२२ पासून अ‍ॅरेवर 'डिफाइन्ड' लावलेलं चालत नाही. त्याच आवृत्तीत सीजीआय मॉड्यूल मूळ संचातून बाहेर गेलं. ५.२६ पासून चालू फोल्डर मॉड्यूल शोधायच्या यादीत राहिलं नाही, त्यामुळे शेजारच्या फोल्डरातलं घरगुती मॉड्यूल अचानक दिसेनासं होतं. तिन्ही दुरुस्त्या दहा-दहा मिनिटांच्या.

(कमांड इथे तोंडाने सांगतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टायपिंग करताना अर्थात रोमनच.)

एका ओळीची कामं

पर्लची खरी चव एका ओळीत कळते. समजा राउटर बदलला आणि तीस कॉन्फिग फायलींत जुना आयपी काढून नवा घालायचाय. 'पर्ल डॅश पीआय डॉट बॅक डॅश ई', पुढे बदलाचा आदेश, पुढे फायलींची नावं. झालं. डॅश पी प्रत्येक ओळ वाचून परत छापतो, डॅश आय ती त्याच फायलीत लिहितो, आणि 'डॉट बॅक' जोडल्यामुळे मूळ फायलीची प्रत शेजारी राहते. ही प्रत वगळायचा मोह टाळावा. ५.२८ च्या आधी तर मध्येच डिस्क भरली किंवा वीज गेली की फाइल अर्धवट उरायची. नंतरच्या आवृत्त्या आधी तात्पुरत्या फायलीत लिहून शेवटी नाव बदलतात.

फसायच्या जागा तीन. आयपीतला टिंब रेजेक्समध्ये (मजकूर शोधायच्या नमुन्यात) 'कुठलंही एक अक्षर' असा वाचला जातो, म्हणून आकड्यांभोवती बॅकस्लॅश क्यू आणि बॅकस्लॅश ई लावायचं. शेवटी ५ असलेला पत्ता शोधताना शेवटी ५० असलेलाही सापडतो, म्हणून मागे 'यापुढे आकडा नको' ही अट, (?![0-9]), जोडायची. आणि आदेश एकेरी अवतरणात ठेवायचा. दुहेरीत ठेवला की डॉलरची चिन्हं पर्लपर्यंत पोहोचायच्या आधी शेलच, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्रामच, गिळून टाकतो.

चौथी जागा जरा खोल आहे आणि अनुभवी माणसंही तिथे पाय घसरून पडतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या 'साइट्स-एनेबल्ड' फोल्डरात ज्या फायली दिसतात त्या मुळात सिमलिंक, म्हणजे दुसरीकडच्या मूळ फायलीकडे बोट दाखवणारी नावं, असतात. त्यांच्यावर डॅश आय चालवला की पर्ल सिमलिंकच्या जागी खरी फाइल ठेवते. 'साइट्स-अव्हेलेबल'मधली मूळ फाइल जुनीच राहते, आणि पुढच्या वेळी कुणी ती बदलली तर बदल लागूच होत नाही. त्यातून डेबियन-उबंटूवर एनजिनएक्स त्या फोल्डरातली प्रत्येक फाइल वाचतो, त्यामुळे तुमची 'डॉट बॅक'सुद्धा कॉन्फिग म्हणून वाचली जाते. बदल नेहमी 'साइट्स-अव्हेलेबल'मध्येच करावा आणि नंतर 'एनजिनएक्स डॅश टी'ने तपासून घ्यावा.

लॉगसाठी डॅश ए सोयीचा. तो ओळ मोकळ्या जागांवर तोडून अ‍ॅरेत ठेवतो. अपाचे किंवा एनजिनएक्सच्या नेहमीच्या लॉगमध्ये शून्यापासून मोजलं तर ० वर आयपी, ८ वर स्टेटस कोड आणि ९ वर बाइट्स. स्टेटस ४०४ असलेल्या ओळींतला ६ नंबरचा पत्ता हॅशमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या यादीत) मोजत गेलं आणि शेवटी उतरत्या क्रमाने छापलं की वेबसाइटवरच्या तुटलेल्या लिंका समोर येतात. बॉटनी पाठवलेल्या वेड्यावाकड्या विनंत्यांत हे खाने सरकतात, म्हणून ८ नंबरच्या खान्यात खरोखर तीन आकडे आहेत का हे आधी बघावं. साइट क्लाउडफ्लेअरच्या मागे असेल तर पहिल्या खान्यात गिऱ्हाइकाचा नसून क्लाउडफ्लेअरचा आयपी दिसतो. तो पर्लचा दोष नाही, सर्व्हरच्या लॉगची रचना बदलायला हवी.

रेकॉर्डिंग उडवणारी स्क्रिप्ट

हे काम सगळ्यांना लागतं आणि सर्वात जास्त नुकसानही हेच करतं. पंधरा दिवसांपेक्षा जुनं रेकॉर्डिंग काढून टाकायचं असतं. 'फाइल::फाइंड' मॉड्यूल फोल्डरांत उतरत जातं, डॅश कॅपिटल एम फायलीचं वय दिवसांत सांगतो, पंधराच्या वर असेल तर 'अनलिंक'. वीस ओळी पुरतात. पण खालच्या गोष्टी न घालता ही स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) टाकू नये.

पहिलं, वेगळी हार्ड डिस्क खरोखर माउंट झाली आहे का, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली गेली आहे का, ते बघायचं. वीज जाऊन आल्यावर यूएसबी डिस्क माउंट झाली नाही तर ते फोल्डर रिकामं दिसतं आणि नवं रेकॉर्डिंग मूळ डिस्कवर साचत जातं. फोल्डरचा आणि त्याच्या वरच्या फोल्डरचा डिव्हाइस नंबर 'स्टॅट'च्या ० क्रमांकाच्या खान्यात मिळतो. दोन्ही सारखे निघाले तर डिस्क लागलेली नाही, म्हणून स्क्रिप्टने तिथेच थांबावं.

दुसरं, घड्याळ. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की मशीन चालू होताना तारीख मागे जाते आणि इंटरनेट लागेपर्यंत तशीच राहते. अशा वेळी फायलींचं वय उणे येतं, काहीच उडत नाही आणि डिस्क भरते. उलट कुणी तारीख चुकून पुढच्या वर्षाची टाकली तर स्क्रिप्टच्या नजरेत सगळंच जुनं होतं आणि एका फटक्यात सगळं साफ. दोन पहारे पुरतात. एकाही फायलीचं वय मोठ्या फरकाने उणे आलं तर थांबायचं (चालू रेकॉर्डिंगच्या फायलीचं किंचित उणे येऊ शकतं). आणि एका वेळी एकूण फायलींच्या ठरावीक वाट्यापेक्षा, समजा दहा टक्क्यांपेक्षा, जास्त उडणार असतील तरी न उडवता फक्त कळवायचं.

डॅश कॅपिटल एमबद्दल आणखी एक. तो वय मोजतो ते स्क्रिप्ट सुरू झाली त्या क्षणापासून, आत्ताच्या क्षणापासून नव्हे. रात्री धावून संपणाऱ्या स्क्रिप्टला फरक पडत नाही, पण दिवसभर चालू राहणारी लिहिली तर वय गोठलेलंच राहतं.

फाइल उडवली तरी 'डीएफ'मध्ये (डिस्कची जागा दाखवणाऱ्या कमांडमध्ये) जागा मोकळी दिसत नाही, ही तक्रार वारंवार येते. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामने ती फाइल उघडी धरून ठेवलेली असते, त्यामुळे नाव गेलं तरी जागा सुटत नाही. 'एलएसओएफ अधिक एल १' अशा फायली दाखवतो. तो प्रोग्राम पुन्हा सुरू केला की जागा परत मिळते. आणि 'डीएफ'चं उत्तर पर्लने वाचायचं असेल तर डॅश कॅपिटल पी लावावा, नाहीतर डिव्हाइसचं नाव लांब असलं की एका ओळीच्या दोन होतात आणि खाने चुकतात. 'जागा नाही' असा एरर येतोय पण डिस्क अर्धी रिकामी दिसतेय, असं झालं तर 'डीएफ डॅश आय'ने आयनोड (दर फायलीमागे एक लागणारी नोंद) संपलेत का ते बघावं. लाखो छोटी चित्रं साठवणाऱ्या कॅमेऱ्यांत हे होतं.

पहिल्यांदा ड्राय रन, म्हणजे 'अनलिंक'च्या जागी फक्त नाव छापणं. 'गेटऑप्ट::लाँग'ने हे बटण द्यायला दोन ओळी लागतात. उडवण्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागेल असं ठेवावं. ड्राय रनसाठी पर्याय ठेवला तर तो नेमका विसरला जातो.

बॅकअपचं उत्तर एवढ्यावर थांबत नाही

बॅकअप घेणं सोपं, झाला की नाही हे कळणं अवघड. डेटाबेसची प्रत काढणाऱ्या 'मायएसक्यूएलडंप'चं आउटपुट पाइपने फाइल दाबून लहान करणाऱ्या 'जीझिप'ला दिलं असेल तर शेल शेवटच्या कमांडचा निकाल सांगतो. डंप मध्येच मेला तरी जीझिप खुशीत शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', परत करतो, आणि सकाळी व्यवस्थित नावाची, व्यवस्थित तारखेची, पण अर्धी फाइल मिळते. तपासणीची पर्ल स्क्रिप्ट चार गोष्टी बघते. फाइल २६ तासांच्या आतली आहे का (२४ ठेवले तर पाच मिनिटं उशीर झाला तरी बोंब होते). कालच्या फायलीच्या निम्म्यापेक्षा लहान तर नाही ना. 'जीझिप डॅश टी' पास होते का. आणि उलगडलेल्या मजकुराच्या शेवटी 'डंप कंप्लीटेड' ही ओळ आहे का, जी डंप पूर्ण झाल्यावरच लिहिली जाते. चौथी तपासणी सर्वात कामाची आणि सर्वात कमी जण करतात.

बाहेरची कमांड चालवताना 'सिस्टिम'ला एक लांब ओळ देऊ नये, यादी द्यावी. यादी दिली की मध्ये शेल येत नाही, आणि 'बिल २०२५ (नवीन)' असल्या नावातली मोकळी जागा आणि कंस काही बिघडवत नाहीत. कमांडचा निकाल $? मध्ये येतो, पण खरा एक्झिट कोड हवा तर तो आठ बिट उजवीकडे सरकवावा लागतो. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल'ला तर एवढंही पुरत नाही, कारण त्याचा एक्झिट कोड हा बिटांचा संच असतो. शून्य नसला म्हणजे कमांड फसली असं नाही. तीन नंबरचा बिट, म्हणजे आठ ही किंमत, लागलेला असेल तर डिस्क जायच्या मार्गावर आहे. त्याचं आउटपुट जेसन या ठरावीक साच्यात मागावं आणि 'जेसन::पीपी'ने वाचावं. हे मॉड्यूल ५.१४ पासून पर्लसोबतच येतं. त्यातच तापमानही मिळतं. एप्रिल-मे मध्ये बाहेर बेचाळीस अंश आणि आत लूमची धग असताना हा आकडा रोज लिहून ठेवणं शहाणपणाचं.

डेटाबेसचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये किंवा कमांडच्या ओळीत नको. ओळीत दिला तर 'पीएस' करणाऱ्या कुणालाही तो दिसू शकतो. होम फोल्डरातल्या 'डॉट माय डॉट सीएनएफ'मध्ये ठेवून परवानगी ६०० करावी.

सव्वा लाखाचा एक रुपया

आता जिथे आपल्याकडे सर्वात जास्त घोळ होतो तो भाग. इंग्रजी ट्यूटोरियल वाचून पर्ल शिकलेल्यांना हे कुणी सांगत नाही.

बिलाच्या सीएसव्हीत रक्कम '1,25,000' अशी येते. पर्ल तिची बेरीज करायला गेली की सुरुवातीचा आकडा घेते आणि पहिल्या स्वल्पविरामाला थांबते. सव्वा लाखाचं बिल एक रुपयाचं होतं. 'वॉर्निंग्ज' चालू असतील तर 'हा आकडा नाही' अशी कुरकुर दिसते, नसतील तर काहीच नाही. बेरीज करण्याआधी स्वल्पविराम काढायचे. छापताना परत आपल्या पद्धतीने घालायचे तर नमुना ([0-9])(?=([0-9][0-9])+[0-9]$) आणि बदली '$1,', सगळीकडे लागू. 1234567 चे 12,34,567 होतात. हा नमुना पूर्णांकावर लावायचा, पैसे वेगळे काढून. रकमेचा हिशेब रुपयांच्या दशांशात न करता पैशांच्या पूर्णांकातच करावा. २.६७५ ला दोन दशांशांपर्यंत छापायला सांगितलं तर उत्तर २.६७ येतं, २.६८ नाही, कारण आत तो आकडा किंचित कमी साठवलेला असतो.

सीएसव्ही स्वल्पविरामावर 'स्प्लिट' करून वाचायची चूक प्रत्येक जण एकदा करतोच. 'टर्किश टॉवेल, ३० बाय ६०' असं वर्णन आलं की पुढचे सगळे खाने एकाने सरकतात, आणि नगाच्या जागी दर मोजला जातो. 'टेक्स्ट::सीएसव्ही' वापरावं. ते पर्लसोबत येत नाही, वेगळं टाकावं लागतं.

देवनागरी आकडे ही वेगळीच गंमत. यूटीएफ-८ (मराठी अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) नीट वाचलं असेल तर रेजेक्समधला बॅकस्लॅश डी '१२' लाही आकडा मानतो. म्हणजे तपासणी पास होते. पण त्याच '१२' ची बेरीज करायला गेलात तर पर्ल त्याला शून्य धरते. तपासणीत [0-9] वापरावं आणि त्याआधी 'टीआर'ने ०-९ चे 0-9 करून घ्यावेत. त्यासाठी स्क्रिप्टच्या वर 'यूज यूटीएफ८' हवंच, नाहीतर 'टीआर' अक्षरांऐवजी बाइट बदलत बसतो.

या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते म्हणून स्पष्ट सांगायला हवं. 'यूज यूटीएफ८' फक्त एवढंच सांगतं की स्क्रिप्टच्या फायलीत मराठी लिहिलंय. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या फायलींसाठी एन्कोडिंग वेगळं द्यावं लागतं, फाइल उघडतानाच किंवा 'बिनमोड'ने. ते दिलं नाही तर छापताना 'वाइड कॅरेक्टर' अशी सूचना येते. आत येताना दिलं नाही तर 'सोलापूर' या शब्दाची लांबी २१ येते, कारण ते बाइट मोजले जातात. दिलं तर ७ येते. माणसाच्या नजरेला मात्र चारच अक्षरं दिसतात, आणि तेवढी हवी असतील तर बॅकस्लॅश कॅपिटल एक्सने मोजावी लागतात. पगारपत्रकातले खाने सरळ न येण्याचं कारण बहुधा इथेच असतं.

'दुसऱ्या पाळी'तला 'ऱ' दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे सबंध अक्षर, दुसरा 'र' आणि खाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखेच, पर्लच्या लेखी दोन निराळे शब्द, आणि हजेरीच्या बेरजेत एकाच पाळीच्या दोन ओळी. 'युनिकोड::नॉर्मलाइझ' या सोबत येणाऱ्या मॉड्यूलने सगळं एनएफसीत, म्हणजे युनिकोडच्या एकाच ठरलेल्या रूपात, आणलं की हे दोन एक होतात. तिसरा प्रकार, 'र' ला हलन्त आणि मग अदृश्य जोडचिन्ह, त्याने सुटत नाही, तो हाताने बदलावा लागतो. नावं अकारविल्हे लावायची तर नुसत्या 'सॉर्ट'मध्ये 'ळ' लगेच 'ल' नंतर येतो. आपल्या वर्णमालेप्रमाणे तो 'ह' नंतर हवा असेल तर 'युनिकोड::कोलेट::लोकेल'ला मराठीचा कोड द्यावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातल्या याद्यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांना आधी अक्षरांचा तक्ता करून रूपांतर करावं लागतं.

एक्सेलकडे मराठी सीएसव्ही पाठवायची असेल तर फायलीच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारं अदृश्य चिन्ह) लिहावं, नाहीतर डबल-क्लिकवर कचरा दिसतो. उलट एक्सेलकडून आलेल्या फायलीत तेच बीओएम पहिल्या शीर्षकाला चिकटलेलं असतं आणि 'क्रमांक' नावाचा खाना सापडत नाही. एक्सेलचा 'युनिकोड टेक्स्ट' तर यूटीएफ-१६ मध्ये येतो आणि खाने टॅबने तोडलेले असतात. विंडोजची फाइल म्हटली की ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर असतंच. 'चॉम्प' ते काढत नाही, बॅकस्लॅश कॅपिटल आर काढतो.

जीएसटी नंबर तपासायला पर्लइतकं सोयीचं काही नाही. १५ अक्षरं, पहिले दोन आकडे राज्याचे (आपले २७, कर्नाटक २९, तेलंगण ३६), मग पॅनची पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, आणि चौदाव्या जागी झेड. शून्याच्या जागी 'ओ' टाइप झालेले नंबर एका ओळीच्या नमुन्यात अडकतात.

स्क्रिप्टच्या पहिल्या दोन ओळी 'यूज स्ट्रिक्ट' आणि 'यूज वॉर्निंग्ज' असाव्यात, हे सगळेच सांगतात. ५.३६ किंवा पुढची पर्ल असेल तर 'यूज व्ही५.३६' एवढ्यात दोन्ही येतात. मराठीत याचा फायदा जास्तच आहे, कारण पर्लमध्ये व्हेरिएबलचं नावही देवनागरीत ठेवता येतं. $एकूण आणि $एकुण ही पर्लला दोन निराळी व्हेरिएबल वाटतात. स्ट्रिक्ट नसेल तर दुसरं गुपचूप जन्माला येतं आणि बेरीज शून्य. ऱ्हस्व-दीर्घाची चूक एवढ्या कडकपणे शाळेतल्या बाईसुद्धा धरत नसतील.

रात्रपाळीचे तास काढताना सुटायची वेळ यायच्या वेळेपेक्षा लहान असेल तर ८६४०० सेकंद मिळवायचे. आपल्याकडे घड्याळ पुढे-मागे होत नाही म्हणून हा साधा हिशेब चालतो. 'लोकलटाइम'मध्ये महिना ० ते ११ आणि वर्ष १९०० वजा करून येतं. त्यापेक्षा 'टाइम::पीस' बरं.

क्रॉनमध्ये टाकताना

हाताने चालते, क्रॉनमध्ये चालत नाही, ही पर्लची म्हणून सांगितली जाणारी तक्रार बहुतेक वेळा क्रॉनची असते. क्रॉनमध्ये पाथ तोकडा असतो, म्हणून कमांडचे पूर्ण पत्ते द्यावेत. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह ओळ तोडतं. पर्लमध्ये हॅशला आणि तारखेच्या साच्याला तेच चिन्ह लागतं, म्हणून एका ओळीची कमांड थेट क्रॉनटॅबमध्ये लिहायची तर प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश. त्यापेक्षा फाइल करून तिचं नाव द्यावं. विंडोजवर लिहून आणलेली स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रीटर' म्हणते, कारण पहिल्या ओळीच्या शेवटी ते जादा अक्षर असतं. 'डॉसटूयुनिक्स' चालवलं की गेलं.

रात्री दोनला वीज नसेल तर क्रॉन ते काम नंतर करत नाही. रोजच्या कामांना अ‍ॅनाक्रॉन, किंवा सिस्टिमडीचा टायमर 'पर्सिस्टंट' चालू ठेवून, म्हणजे मशीन चालू झाल्यावर राहिलेलं काम उरकतं. आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून 'फ्लॉक'ने एका फायलीला न थांबणारं कुलूप लावावं. प्रक्रिया मेली की कुलूप आपोआप सुटतं, हाताने केलेल्या 'पीआयडी' फायलीसारखं अडकून राहत नाही. क्रॉनचं आउटपुट मेलने जातं, आणि मशिनवर मेल पाठवणारं काही नसेल तर ते फेकून दिलं जातं. म्हणून स्क्रिप्टने स्वतःचा लॉग लिहावा, किंवा 'नेट::एसएमटीपी'ने मेल पाठवावा. जीमेलमधून पाठवायचा तर १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड लागतो, आणि लॉगिनसाठी 'ऑथेन::एसएएसएल' वेगळं टाकावं लागतं.

वेबची कामं, थोडक्यात

साइट चालू आहे का हे बघायला 'एचटीटीपी::टायनी' पुरतं. https साठी मात्र 'आयओ::सॉकेट::एसएसएल' टाकावं लागतं, आणि ते नसेल तर उत्तरात ५९९ हा कोड येतो. ५९९ हा सर्व्हरचा कोड नाही, पर्लच्या बाजूला काहीतरी अडलं एवढाच त्याचा अर्थ, कारण उत्तराच्या मजकुरात असतं. टाइमआउट आपोआप ६० सेकंदांचा असतो, तो दहावर आणावा. ५.३८ च्या आधीच्या पर्लसोबत येणारं टायनी सर्टिफिकेट तपासत नाही, तो पर्याय हाताने चालू करावा. नाहीतर लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं सर्टिफिकेट संपलं तरी स्क्रिप्ट 'सगळं ठीक' म्हणत राहते आणि पहिला फोन गिऱ्हाइकाचा येतो.

सीजीआय स्क्रिप्ट नव्याने लिहू नये. जुनी सांभाळायचीच असेल आणि ५०० एरर येत असेल तर क्रमाने बघावं: परवानगी ७५५ आहे का, पहिल्या ओळीतला पर्लचा पत्ता बरोबर आहे का, ओळींचे शेवट विंडोजचे नाहीत ना, हेडरनंतर रिकामी ओळ छापली आहे का, सीजीआय मॉड्यूल बसवलं आहे का. यातच बहुतेक वेळा सापडतं. दराचं एखादं साधं पान हवंच असेल तर मोजोलिशियस घ्यावं, त्याला पर्लसोबत येणाऱ्यापलीकडे काही लागत नाही.

मॉड्यूल टाकताना 'सुडो सीपॅन', म्हणजे सीपॅन या पर्लच्या मॉड्यूल-भांडारातून थेट सिस्टिमच्या पर्लमध्ये टाकणं, टाळावं. सिस्टिमची स्वतःची साधनं त्याच पर्लवर चालतात आणि तिथे ढवळाढवळ झाली की एखाद्या अपडेटनंतर भलतंच काहीतरी बंद पडतं. उबंटूवर आधी 'एपीटी'त शोधावं. नाव ठरलेल्या साच्यात असतं, सुरुवातीला 'लिब', शेवटी 'डॅश पर्ल', मध्ये मॉड्यूलचं नाव. तिथे नसेल तर 'सीपॅनएम' आणि 'लोकल::लिब'ने आपल्या होम फोल्डरात. 'पर्लडॉक' वापरायला उबंटूवर 'पर्ल-डॉक' हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. ते टाकलं की इंटरनेट बंद असतानाही सगळं मॅन्युअल हाताशी असतं, आणि 'पर्लडॉक डॅश एफ' लावून कुठल्याही फंक्शनचं पान निघतं.

विंडोजच्या मशिनवर स्ट्रॉबेरी पर्ल चांगली चालते, पण कमांड प्रॉम्प्टवर एकेरी अवतरण चालत नाही आणि तारांकित फाइल नावं शेल उलगडून देत नाही. लिनक्सवरची एक ओळ तशीच चिकटवली तर अडतेच. तिथे स्क्रिप्ट फायलीत लिहावी.

अर्धा गुण कापला तो माणसांसाठी. कॉलेजातून येणाऱ्या मुलांना पायथन येते, पर्ल वाचून बुचकळ्यात पडायला होतं, आणि चिन्हांनी भरलेली दाट ओळ लिहिणाऱ्यालाच सहा महिन्यांनी कळत नाही हेही खरं. दोनशे ओळींपुढे जाणारं, दोघांनी मिळून सांभाळायचं, किंवा एक्सेल-पीडीएफ-डॅशबोर्ड असं सगळं मागणारं काम असेल तर सरळ पायथन घ्यावी. पाच ओळींत कमांडा एकामागून एक चालवायच्या असतील तर बॅश पुरतो. मधल्या पट्ट्यात पर्ल. स्क्रिप्टच्या वर चार ओळींत काय करते, कुठून वाचते, कुठे लिहिते, कोणत्या वेळी चालते एवढं मराठीत लिहून ठेवावं आणि क्रॉनमध्ये टाकायच्या आधी एकदा 'पर्ल डॅश सी'. ही तपासणी स्क्रिप्ट न चालवता फक्त व्याकरण बघते, मात्र 'बिगिन' ब्लॉक आणि 'यूज'च्या ओळी तेव्हाही चालतात, म्हणून अनोळखी माणसाची स्क्रिप्ट आधी डोळ्यांनी वाचूनच घ्यावी.